भट्टीत जाण्याआधी

माथेरानची तांबडी माती लोहयुक्त आहे, पण तेवढ्याने ती औषधातलं गैरिक, म्हणजे गेरू, ठरत नाही. कर्जत तालुक्यातला हा डोंगरमाथा जांभ्याचा. त्यात लोहासोबत ॲल्युमिनियमही भरपूर. गैरिकात हवं ते मुख्यतः हेमटाइट. रंगावर विसंबलं की फसगत इथूनच सुरू होते.

कर्जत-खालापूरला लागून असलेल्या पनवेलला १८७२ पासून औषधनिर्मितीची परंपरा आहे. श्री धूतपापेश्वर हा औषध कारखाना तिथलाच. पण रसौषधींना, म्हणजे खनिज-धातूंच्या औषधांना, लागणारं अभ्रक किंवा माक्षिक इथल्या बेसाल्टाच्या डोंगरांत मिळत नाही. ती खनिजं झारखंड-राजस्थानातल्या फार जुन्या खडकांतली. दुरून आलेल्या पोत्यात नेमकं काय आहे, हे आधी पाहावंच लागतं.

सुवर्णमाक्षिक आणि विमल यांचंच बघा. दोन्ही पिवळसर, चकाकणारी. पहिलं चाल्कोपायराइट, म्हणजे तांबं, लोह आणि गंधक. त्यात तांबं सुमारे ३४ टक्के. दुसरं बहुतेक अभ्यासकांच्या मते पायराइट, म्हणजे नुसतं लोह आणि गंधक. जुने रसग्रंथ सांगतात की माक्षिकाला कोन नसावेत, हातावर घासल्यास काळेपणा उतरावा. विमलाला मात्र कोन आणि पैलू असतात. किती बारीक नजर ही! पायराइटचे घनाकृती स्फटिक पाहिलेल्याला ते वर्णन लगेच पटेल.

पण माल कुटून आला की कोन दिसत नाहीत. तिथे एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तन, कामी येतं. अणूंच्या ज्या रचनेतून ते कोन घडतात, ती रचना चूर्णातही टिकून असते आणि हे यंत्र तीच वाचतं. एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरण प्रतिदीप्ती, फक्त मूलद्रव्यं मोजतं. तांबं आणि लोह सापडलं एवढ्याने माक्षिक सिद्ध होत नाही. माझ्या मते दोन्ही अहवाल हवेतच. तेही शोधन-मारणाआधी, म्हणजे शुद्धी आणि भस्मीकरणाआधी, कारण भट्टीतली पुटं दिल्यावर मूळ खनिज उरत नाही आणि तयार भस्मावरून पोत्यात काय होतं ते खात्रीने सांगता येत नाही.

२००४ साली बोस्टन परिसरातल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं आणि जगभर चर्चा झाली. पण रसौषधींतली हरताळ आणि मनःशिळा ही खनिजं मुळातच आर्सेनिक आणि गंधकाची संयुगं. तिथे आर्सेनिक आहे का हा प्रश्नच अपुरा. ते कोणत्या रूपात आहे हे कळायला हवं. लाल मनःशिळा उजेडात राहिली तर पिवळी पडते, भुसभुशीत होते, आणि त्यात पाण्यात विरघळणारं, अधिक विषारी आर्सेनिक ऑक्साइड तयार होऊ शकतं. त्यामुळे तिच्याबाबत खरेदीच्या वेळचा अहवाल पुरत नाही. खलात घालण्यापूर्वी नमुना पुन्हा तपासावा लागतो.