घरच्या संगणकावर वार्षिकांकाची जुळणी

पूर्वी छापखान्यात शिशाचा एकेक खिळा उचलून मजकूर जुळविला जाई. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरी खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागत, आणि चांगला जुळारी अनेक वर्षांच्या सरावानेच तयार होई. आज तेच काम घरच्या संगणकावर होऊ शकते. मजकूर, चित्रे व रकाने यांची पडद्यावर मांडणी करून पान छपाईस तयार करणे, यास डीटीपी असे म्हणतात. या कामासाठी थोडक्या पैशांत कोणते सॉफ्टवेअर निवडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात या प्रश्नाला एक विशेष बाजू आहे. हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, पुढे आंध्र प्रदेशात गेला व २०१४ पासून तेलंगणात आहे. येथे पुष्कळ घरांत मराठी बोलली जाते, तर राज्यकारभार तेलुगूत चालतो. मराठी माध्यमाच्या शाळेच्या अंकात मराठीबरोबर तेलुगू, हिंदी व इंग्रजी लेखही यावयाचे. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना आम्ही असे सुचवितो की, किंमत विचारण्यापूर्वी लिपी विचारावी.

पहिली कसोटी जोडाक्षरांची. ‘कि’ लिहिताना आपण आधी क आणि मग वेलांटी टंकतो. परंतु कागदावर वेलांटी आधी उमटावी लागते. क, हलन्त आणि ष मिळून ‘क्ष’ व्हावा लागतो. ही जुळवाजुळव सॉफ्टवेअर आणि फॉन्ट यांनी मिळून करावयाची असते. ज्या सॉफ्टवेअरला ती येत नाही, ते फुकट मिळाले तरी महागच. ‘विद्यार्थी’, ‘राष्ट्र’, ‘क्षितिज’, ‘शृंगार’ आणि ‘तऱ्हा’ एवढे पाच शब्द लिहून पाहावेत. परीक्षा तेथेच होते.

दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची आहे. १९९० च्या दशकात मराठी फॉन्ट बनविणाऱ्यांनी आपापल्या पद्धतीने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे बसविली. तो फॉन्ट संगणकावर असेतो मजकूर मराठी दिसतो. फॉन्ट गेला की त्याच फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गोंधळ दिसू लागतो. याउलट युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराचा क्रमांक ठरलेला असतो. देवनागरी व तेलुगू या दोन्ही लिपी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच तीत आहेत. छापील प्रती जीर्ण होतात, वाळवीला बळी पडतात; अशा वेळी फाइलही वाचता आली नाही, तर त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे लेखन दोन्हीकडून हरपते. एखाद्या मुलीची पहिली छापलेली कविता वीस वर्षांनी तिच्याच मुलांना वाचता यावी, एवढ्यासाठी तरी मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फॉन्टमधील मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणता येतो; मात्र त्यानंतर मुद्रितशोधन काळजीपूर्वक करावे लागते.

आता किमतीकडे वळू. १९८५ साली निघालेल्या पेजमेकरने डीटीपीचे युग सुरू केले. परंतु त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची असून त्यात युनिकोडची सोय नाही. त्याच्या मागून आलेले इनडिझाइन समर्थ आहे, पण त्याची वर्गणी सतत भरावी लागते. मायक्रोसॉफ्टने पब्लिशरला ऑक्टोबर २०२६ नंतर आधार मिळणार नाही, असे जाहीर केले. तेव्हा नवशिक्याने त्यावर श्रम वेचू नयेत. महाग सॉफ्टवेअरची चोरटी प्रत वापरणे तर विद्यार्थ्यांस शोभत नाही. शिवाय तिच्याबरोबर व्हायरसही घरात येण्याचे भय असते.

सुदैवाने रीतसर विनामूल्य मिळणारी दोन साधने आहेत. लिबरऑफिस रायटर हे मुळात लेखनाचे साधन. तरी रकाने, चित्रे, पृष्ठांक व अनुक्रमणिका त्यात नीट साधतात. साध्या अंकास ते पुरेसे आहे. स्क्रायबस हे खास पानजुळणीसाठीच केलेले आहे. चौकटी मिलिमीटरने मोजून ठेवणे, छपाईचे चार रंग वेगळे करणे ही कामे त्यात होतात. मात्र त्याच्या १.४ या जुन्या मालिकेत देवनागरी जोडाक्षरे जुळत नसत. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये आलेली १.६ ही आवृत्ती किंवा तिच्या पुढचीच घ्यावी.

फॉन्टही विनामूल्य मिळतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टात ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची नसून मराठी वळणाची आहेत, आणि त्याच मालिकेत तेलुगूचाही फॉन्ट आहे. त्यामुळे दोन्ही भाषांची पाने शेजारी शेजारी शोभून दिसतात.

छापखान्याचे काही नियम आधीच पाळावेत. मधोमध दुमडून टाचण मारावयाच्या अंकाची एकूण पृष्ठे चारने भाग जाणारी असावीत. छायाचित्र छापावयाच्या आकारात इंचास ३०० बिंदूंचे असावे. मोबाइलवरून संदेशाने आलेले चित्र बहुधा लहान झालेले असते, म्हणून मूळ फाइल मागवावी. छापखान्यास फॉन्ट समाविष्ट केलेली पीडीएफ द्यावी आणि सर्व अंक जुळविण्यापूर्वी एक पान छापून पाहावे.

लिपीची जागा पक्की होण्याचे मोल आमच्या जिल्ह्यानेच पाहिले आहे. येथील गुंजाला गावात गोंडी भाषेची हस्तलिखिते एका स्वतंत्र लिपीत जपलेली होती. ती लिपी २०१८ साली ‘गुंजाला गोंडी’ या नावाने युनिकोडमध्ये समाविष्ट झाली, आणि नोटो या विनामूल्य फॉन्टमालिकेत तिचा फॉन्टही आहे. म्हणजे गोंडी विद्यार्थ्याचा लेख त्या लिपीत आपल्या अंकात छापावयाचा म्हटले, तर फॉन्टसाठी एक पैही लागणार नाही.

तात्पर्य, ज्यांचा अंक साधा आहे त्यांनी रायटरने आरंभ करावा, आणि चित्रांची व रकान्यांची मांडणी वाढली की स्क्रायबस शिकावे. पैसा शिल्लक राहिला तर तो चांगल्या कागदावर खर्च करावा.