बिल कोणी भरायचे?

1961 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या बायका शेजारणींना कॉफीला बोलावत आणि ग्रामोफोनवर एक तबकडी लावत. आवाज सिनेनट रोनाल्ड रेगन यांचा. वृद्धांच्या आरोग्यविम्यात सरकार शिरले की पाठोपाठ समाजवाद आलाच, असा त्यात इशारा होता. तबकडी संपली की पाहुण्यांनी आपापल्या खासदाराला पत्र लिहायचे. मोहीम अमेरिकन मेडिकल असोसिएशनची. तरीही 1965 मध्ये वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना आली, आणि प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन पक्ष उभा दुभंगला: 70 जण बाजूने, 68 विरोधात.

ही दुफळी उजव्यांच्या विचारातच होती. सरकारी नियोजनाचे कडवे टीकाकार हायेक यांनीही 1944 च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात आजारपण आणि अपघातासाठी सामाजिक विमा उभारायला सरकारने मदत करणे योग्यच मानले होते. 1974 मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मालकांनी कामगारांचा विमा काढावा असा प्रस्ताव मांडला. तो बारगळला.

खरे वळण आले 1986 मध्ये, आणि ते आणले राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्याच सहीने. तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या रुग्णाला पैसे नाहीत म्हणून इस्पितळाने परत पाठवायचे नाही, असा कायदा झाला. खर्चाची तरतूद त्यात नव्हती. रुग्णाला मरू द्यायचे नाही, हे एकदा मान्य केल्यावर उरतो तो एकच प्रश्न: बिल कोणी भरायचे?

याला सर्वांत प्रामाणिक उत्तर उजव्यांच्याच गोटातून आले, असे मला वाटते. 1989 मध्ये हेरिटेज फाउंडेशनचे स्टुअर्ट बटलर यांनी मुद्दा असा मांडला: एखाद्या तरुणाने विमा न काढता महागडी गाडी ठोकली, तर लोक हळहळतील, पण दुरुस्तीचा खर्च देणार नाहीत. माणूस हृदयविकाराने रस्त्यात कोसळला, तर मात्र विमा असो-नसो, त्याला वाचवले जाणारच. मग निदान मोठ्या आजारपणापुरता विमा प्रत्येक कुटुंबाने काढलाच पाहिजे. फुकट उपचारांचा भार दुसऱ्यावर टाकू नये. 1993 मध्ये रिपब्लिकन सिनेटर जॉन चेफी यांच्या विधेयकात ही सक्ती होती. 2006 मध्ये रिपब्लिकन राज्यपाल मिट रॉम्नी यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये तिचा कायदा केला.

2010 मध्ये डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तीच सक्ती देशभरासाठी कायद्यात आणली, तेव्हा एकाही रिपब्लिकन सदस्याने कायद्याला मत दिले नाही. केटो इन्स्टिट्यूटसारख्या स्वातंत्र्यवाद्यांचा सक्तीला आधीपासून विरोध होता. त्यांची भूमिका निदान सुसंगत होती. बाकीच्यांनी स्वतःच्याच कल्पनेकडे पाठ फिरवली. 2012 मध्ये सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी सक्तीचा दंड हा कर ठरवून कायदा तारला आणि उजव्यांचा रोष ओढवून घेतला. ओहायोचे रिपब्लिकन राज्यपाल जॉन केसिक यांनी याच कायद्यातला गरिबांसाठीच्या मेडिकेडचा विस्तार स्वीकारला. सरकार किती लहान ठेवलेस हे देवाच्या दारी कोणी विचारणार नाही, गरिबांसाठी काय केलेस हे विचारतील, असे त्यांचे म्हणणे होते.

2017 मध्ये रिपब्लिकनांच्या हाती सत्ता आली, आणि ओबामांचा कायदा रद्द करायची घोषणा कसाला लागली. कोणाला कायदा मुळासकट उपटायचा होता, तर कोणाला आपल्या राज्यातल्या गरिबांचे छत्र जाईल ही धास्ती होती. 28 जुलैच्या मध्यरात्रीनंतर रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन टेबलापाशी आले, हात पुढे केला आणि अंगठा खाली वळवला. त्यांच्याच पक्षाच्या सुसान कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की यांची विरोधी मते होतीच. विधेयक 49 विरुद्ध 51 असे पडले. त्याच डिसेंबरात पक्षाने करकायद्यातून सक्तीचा दंड शून्यावर आणला.

तिढा अजून सुटलेला नाही. मे 2025 मध्ये सिनेटर जोश हॉली यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून मेडिकेडला हात लावू नका असे पक्षाला बजावले. जुलैमध्ये त्यांनीच मेडिकेडला कात्री लावणाऱ्या विधेयकाला मत दिले. सरकारने विम्यातून बाजूला व्हावे असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण 1986 च्या कायद्याला धक्का न लावता तसे म्हणणाऱ्याने बिलाचे उत्तर द्यायलाच हवे. बटलर यांनी ते दिले होते. ते नाकारल्यापासून पक्षाने दुसरे दिलेले नाही.