धारवाडहून जुन्या गोव्यास

संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या सणास मोटारीने निघणाऱ्या कुटुंबांपुढे दोन मार्ग असतात. अळणावर, रामनगर, अनमोड, मोले, फोंडा हा मार्ग जवळचा. त्यावर दाट अरण्य लागते. थोडी वाट वाकडी केल्यास तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेवमंदिरही पाहता येते. हुबळीहून कलघटगी, यल्लापूर, अंकोला, कारवार हा मार्ग लांबचा. मात्र त्यावर समुद्राचे दर्शन घडते. तेथील काळी नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये मध्यरात्री कोसळला, तेव्हा शेजारच्या नव्या पुलाने वाट राखली.

आमचे मत असे की, जाताना अनमोड धरावा व घाट दिवसाउजेडी उतरावा. सवड असल्यास परतताना कारवार पाहावे. पावसाळ्यात मात्र दरडींची चौकशी केल्यावाचून निघू नये. सोबतच्या वृद्धांच्या व लेकरांच्या जिवापुढे सृष्टिशोभेची मातब्बरी ती काय?