हाणामारीचा ताल

सेंट्रल प्रॉव्हिन्सेस आणि बेरार या नावाच्या प्रांताचे १९५० साली मध्य प्रदेश असे नामांतर झाले, १९५६च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे तुकडे पडले, वऱ्हाडचे जिल्हे प्रथम द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. तथापि हिंदी चित्रपटांच्या व्यापाऱ्यांना या सर्व घडामोडींची वार्ता अजून पोचलेली नसावी असे मानण्यास जागा आहे, कारण त्यांच्या दफ्तरी ‘सी. पी. बेरार’ हा मुलूख आजही जसाच्या तसा नांदतो आहे. या मुलखाचे हक्क स्वतंत्रपणे विकले जातात, त्याच्या उत्पन्नाचा हिशेब स्वतंत्र खात्यावर पडतो, आणि त्याच्या सरहद्दीत विदर्भाबरोबर खानदेश, मध्य प्रदेशाचा काही भाग आणि छत्तीसगड ही सारी भूमी सुखाने एकत्र राहते. त्यातही मौजेची गोष्ट अशी की, या व्यवसायाचे एक प्रमुख ठाणे जे भुसावळ, ते ना मध्यप्रांतात होते ना वऱ्हाडात. ते मुंबई इलाख्यातले. दुसरे ठाणे अमरावती. ज्याला सुशिक्षित समाजाने ‘स्टंटपट’ म्हणून नाक मुरडले त्या मारधाडीच्या चित्रपटाचा आणि त्याच्या संगीताचा परिचय करून घ्यावयाचा तर मुंबईतील चित्रशाळांइतकेच या दोन ठाण्यांकडेही पाहिले पाहिजे.

भुसावळ आणि अमरावती यांची निवड कोणी मुद्दाम केली नव्हती. ती रेल्वेने केली. जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपुरास पोचला, आणि बडनेऱ्याहून एक लहानसा फाटा अमरावतीच्या बाजारपेठेपर्यंत नेण्यात आला. ज्या गाड्यांनी वऱ्हाडच्या कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदराकडे जात, त्यांच्याच परतीच्या वाटेने पुढे चित्रपटांच्या पेट्या येऊ लागल्या. बोलपटाचे एक हजार फुटांचे रीळ पडद्यावर सुमारे अकरा मिनिटे चालते, म्हणजे पूर्ण लांबीच्या चित्रपटास बारा-पंधरा रिळे लागत. ही रिळे पत्र्याच्या डब्यांत, डबे पेटीत, आणि पेटी पार्सलाच्या डब्यात. एका गावचा शेवटचा खेळ रात्री आटोपला की तीच पेटी पहाटेच्या गाडीने पुढील गावी रवाना व्हावयाची, आणि गाडी चुकली तर पुढील गावच्या थिएटरवाल्याचा तो दिवस बुडावयाचा. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे ठिणगीसरशी भडकणारी. १९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात परवान्याच्या अटी आणि अग्निप्रतिबंधक खोलीचा जाबता इतक्या बारकाईने का घातला गेला, याचे उत्तर त्या डब्यांतच होते.

पेटी आली तरी खिशात पैसा हवा, आणि वऱ्हाडात पैसा कापसाबरोबर येतो. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागली, जिनांचे भोंगे वाजू लागले आणि अडत्याच्या दुकानी शेतकऱ्याचे चार रुपये मोकळे झाले, की तेथून शिमग्यापर्यंत खेळांना तोटा नसे. अमरावतीत टॉकिजांचे माहात्म्य एवढे वाढले की शहराचे चौकच त्यांच्या नावांनी ओळखले जाऊ लागले. राजकमल, प्रभात, चित्रा, श्याम ही नावे आज ज्याने तेथे कधी तिकीट काढले नाही तोही पत्ता सांगताना उच्चारतो. अकोल्यात माणेक, वसंत, चित्रा या टॉकिजांनी तेच काम केले. त्यापलीकडे तालुक्याच्या आणि जत्रेच्या गावी तंबू असे. पौष महिन्यातील बहिरमची यात्रा ही वऱ्हाडातील सर्वांत लांबलचक यात्रांपैकी एक; तेथे देवदर्शन, रोडगे आणि मटणाच्या हंड्या यांच्या जोडीस फिरता सिनेमा येऊन बसला हे स्वाभाविकच होते.

या तंबूच्या रचनेतच मारधाडपटाच्या संगीताचे अर्धे रहस्य आहे. पक्क्या थिएटरात प्रक्षेपणयंत्रे दोन असत, त्यामुळे एक रीळ संपते तोच दुसरे सुरू होई. तंबूवाल्याची ऐपत बहुधा एकाच यंत्राची, म्हणून प्रत्येक रिळानंतर दिवा लागावयाचा आणि खेळ खोळंबावयाचा. तो खोळंबा भरून काढण्यासाठी, आणि खेळापूर्वी गर्दी जमविण्यासाठी, भोंग्यावर तबकड्या वाजत. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. चित्रपटगीत जेवढे लांब असते तेवढेच का असते, याचे मूळ कारण तेच. म्हणजे ज्या शेतमजुराने चित्रपट पाहिलाच नव्हता त्याच्या कानी त्याचे गाणे आधी पडे. पुष्कळदा पेटीच्या आधी गाव जिंके ती तबकडी. मारधाडपटाचा निर्माता कितीही काटकसरी असला तरी संगीतावर हात आखडत नसे, याचा उलगडा कलाविचारात शोधण्यापेक्षा तंबूवाल्याच्या जमाखर्चात शोधावा.

आता या चित्रपटांविषयी. मूकपटांच्या काळात मास्टर विठ्ठल यांच्या तलवारबाजीने या प्रकारास नावलौकिक मिळवून दिला होता. बोलपट आल्यावर जे. बी. एच. आणि होमी या वाडिया बंधूंनी १९३५ साली ‘हंटरवाली’ काढून मूळच्या ऑस्ट्रेलियातील पर्थच्या मेरी इव्हान्स या तरुणीस ‘फिअरलेस नादिया’ केले, आणि चाबूक, घोडा, धावत्या आगगाडीचे टप आणि तिच्यावरील झटापट हा सरंजाम कायमचा रूढ झाला. वऱ्हाडी प्रेक्षकाला हा प्रकार परका वाटला नाही. ज्या अमरावतीत वैद्य बंधूंचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून मल्लखांब आणि कुस्ती यांची आराधना करीत होते, ज्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी कबड्डी आणि देशी व्यायामांची प्रात्यक्षिके करून दाखविली, त्या शहरातील पिटातला प्रेक्षक पडद्यावरील पेच खरा की खोटा हे ओळखून शिटी वाजवीत होता. समीक्षकाला ही पारख नव्हती, म्हणून तो कथानकातील असंभाव्यतेवर घसरत असे.

मारामारीच्या चित्रणाची एक युक्ती येथे सांगितली पाहिजे. कॅमेरा नेहमीपेक्षा किंचित सावकाश फिरविला तर पडद्यावर तीच हालचाल त्वरेने घडलेली दिसते, आणि साधा मल्लही विजेसारखा चपळ भासतो. परंतु अशा रीतीने वेगवान केलेल्या दृश्यास चित्रणाच्या वेळचा ध्वनी लागू पडत नाही. ते दृश्य मुके चित्रित करावयाचे आणि मागाहून वाद्यवृंद वाजवून त्यात प्राण घालावयाचा. कोठे ठोसा, कोठे उडी, कोठे श्वास, हे ढोल आणि झांज यांनी ठरवावयाचे. माझे मत असे आहे की या चित्रपटांचा खरा दिग्दर्शक पुष्कळदा तालवादक होता. लोक ज्याला हाणामारी म्हणून पाहत होते ते वस्तुतः एक तालबद्ध नृत्य होते, आणि ही गोष्ट ज्या एका माणसाला सर्वांत लवकर आणि सर्वांत पूर्णपणे उमगली, तो जन्माने अमरावतीचाच होता.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ सालचा, अमरावतीचा. वडील कापडगिरणीत कामगार. कुटुंबाचे पुढील आयुष्य मुंबईच्या दादर-परळ भागातील. मुलाने काही काळ मजुरी केली, तालीम केली आणि मूकपटांत किरकोळ कामे करीत चित्रपट कसा बनतो ते पाहून घेतले. १९३८ साली ‘बहादुर किसान’ या चित्रपटाचे दिग्दर्शन त्यांनी चंद्रराव कदम यांच्यासमवेत केले, आणि तेथून सुमारे बारा वर्षे भगवानदादा हे नाव मारधाडपटाचे पर्यायी नाव होऊन बसले. पासष्ट हजार रुपयांच्या आत चित्रपट पुरा करावयाचा, नायक आपण, दिग्दर्शक आपण, पोशाखाची आखणी आपली आणि मंडळींच्या जेवणाची व्यवस्थाही आपली, असा त्यांचा कारभार होता. १९४२ साली त्यांनी जागृती पिक्चर्स ही संस्था आणि १९४७ साली चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा केला. सर्व धुरा एकाच माणसाने वाहण्याची ही रीत थोड्या भांडवलाच्या चित्रपटसृष्टीत सर्वत्र दिसते. आसामात २०१७ साली आलेल्या ‘मिशन चायना’ या असमिया मारधाडपटाचा निर्माता, दिग्दर्शक, नायक आणि संगीतकार एकच, तेथील लोकप्रिय गायक झुबिन गर्ग, होता. फरक एवढाच की तेथे गायकाने हाणामारी पत्करली. येथे मल्लाला संगीतकार गाठावा लागला.

तो संगीतकार म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८, नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. परंतु संगीताचे आरंभीचे शिक्षण नागपुरास शंकरराव सप्रे यांच्या विद्यालयात आणि पुढे पुण्यास विनायकबुवा पटवर्धन यांच्याजवळ. म्हणजे या जोडीतील एक वऱ्हाडात जन्मला आणि दुसऱ्याच्या गळ्यावर त्याच प्रांताच्या राजधानीत संस्कार झाला. यातून सिद्धांत काढण्याचे कारण नाही, पण नोंद करण्यासारखी ही गोष्ट खास आहे. चितळकर आले होते नायक व्हावयास. १९३५च्या ‘नागानंद’मध्ये झालेही, पण चित्रपट चालला नाही, आणि मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका आणि पेटीची साथ यांवर दिवस काढावे लागले. स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली कामे मिळाली ती तमिळमध्ये. त्यांतील १९४१चा ‘वनमोहिनी’ भगवानदादांनीच दिग्दर्शित केलेला होता. दोन मराठी माणसे, भाषा न कळणारा चित्रपट, आणि व्यवहार सारा तालाचा. १९४२चा ‘सुखी जीवन’ हा चितळकरांचा हिंदीतील आरंभही भगवानदादांकडचाच.

पुढे सी. रामचंद्र या नावाने प्रतिष्ठित झाल्यावरही हा गृहस्थ मारधाडपटांस संगीत देत राहिला, मात्र निरनिराळ्या नावांनी: कोठे ‘राम चितळकर’, कोठे ‘श्यामू’, आणि भगवानदादांच्या काही चित्रपटांत ‘अण्णासाहेब’. सभ्य वस्तीत एक नाव आणि पिटात दुसरे, ही त्या काळच्या चित्रपटसृष्टीतील वर्णव्यवस्थाच म्हणावी लागेल. परंतु या दुय्यम समजल्या गेलेल्या कामानेच त्यांचा हात सैल केला असे मला वाटते. जेथे परीक्षकाचे लक्ष नाही तेथे प्रयोग करण्यास भीती नसते; मुंबईच्या हॉटेलांतून वाजणाऱ्या गोमंतकीय वादकांची ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आपल्या ढोलकीशेजारी बसवून पाहावीत, लय एकदम दुप्पट करून पुन्हा मूळ जागी आणावी, हे धाडस अशाच आडोशाला पोसले जाते.

या व्यवसायाला एक काळी बाजूही होती. त्यात शिस्त होती ती केवळ अंगमेहनतीची; सुरक्षिततेचा नियम असा कोठलाच नव्हता. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रणात भगवानदादांना ललिता पवार यांच्या थोबाडीत मारावयाची होती, ती इतक्या जोराने बसली की त्यांच्या चेहऱ्याचा एक भाग लुळा पडला, डावा डोळा कायमचा अधू झाला आणि एका उमेदीच्या नायिकेला वर्षानुवर्षे उपचार घेऊन पुढे खाष्ट सासवांच्या भूमिकांत आयुष्य काढावे लागले. त्यांनी त्या भूमिकांचेही सोने केले हे खरे. पण त्यामुळे त्या चपराकीचा हिशेब फिटत नाही.

राज कपूर यांनी भगवानदादांना हाणामारी सोडून एखादा सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला, आणि त्यातून १९५१ साली ‘अलबेला’ जन्मास आला. नायिका गीता बाली, गीते राजेंद्र कृष्ण यांची, संगीत सी. रामचंद्र यांचे, आणि नायकाला उसना आवाज दिला तोही ‘चितळकर’ या नावाने त्यांनीच. चिक चॉकोलेट या नावाने मुंबई गाजविणारे ट्रम्पेटवादक आंतोनियो शावियेर वाझ यात आपल्या ताफ्यासह पडद्यावरच अवतरले. आणि याच चित्रपटात लता मंगेशकरांच्या आवाजातील ती संथ अंगाईही आहे, जिच्यात हे सारे पितळी वैभव बाजूस सारून संगीतकाराने आपली नागपूर-पुण्याची तालीम दाखविली. ‘अलबेला’ त्या वर्षीच्या सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांपैकी एक ठरला. लोकांना त्यात नवे भगवानदादा दिसले असे म्हणतात. मला ते जुनेच दिसतात. खांदे किंचित झुलवीत, कोपर अंगालगत ठेवून, पाय जमिनीपासून फारसे न उचलता केलेले ते नृत्य म्हणजे तालमीतील पवित्राच होय. समोरचा प्रतिस्पर्धी तेवढा काढून टाकला आहे. त्यांनी चित्रपटातून ठोसे वगळले, ताल शाबूत ठेवला.

पुढचा वृत्तांत थोडक्यात संपतो. ‘झमेला’ १९५३ साली आला, ‘लाबेला’ १९६६ साली. दोन्हींनी पहिल्याची सर गाठली नाही. स्टुडिओ गेला, जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि ज्या चाळीच्या वस्तीतून ते वर आले होते तेथेच परतून भगवानदादा मिळतील त्या लहानसहान भूमिका करीत राहिले. सी. रामचंद्र १९८२ साली वारले, भगवानदादा ४ फेब्रुवारी २००२ रोजी. २०१६ साली मराठीत ‘एक अलबेला’ हा चरित्रपट निघाला, मंगेश देसाई यांनी भगवानदादा उभे केले आणि विद्या बालन यांनी गीता बाली. ज्या मारधाडपटांवर सी. पी. बेरारच्या तंबूंनी हंगाम काढले त्यांतील बहुतांश आज पाहावयास मिळत नाहीत, म्हणून त्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला जाहिराती, तबकड्या आणि परवान्यांची दफ्तरे यांवरच भिस्त ठेवावी लागते. भगवानदादांच्या उतारवयात गणपतीच्या मिरवणुका मात्र त्यांच्या चाळीसमोर आवर्जून थांबत, बॅंडवाले ‘अलबेला’तील चाल धरत, आणि म्हातारा खाली येऊन चार पावले नाचल्याखेरीज गणपती पुढे जात नसे.