राखणदारच आडवा पडला तेव्हा

सभासद बंधू-भगिनींनो,

गटसभेत एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, उसाची नोंद कॉम्प्युटरवर, वजन कॉम्प्युटरवर, बिल बँकेत. उद्या कॉम्प्युटरच बंद पडला तर?" प्रश्न रास्त आहे. मी शेतकी पदविकेचा माणूस. पण १९ जुलै २०२४ रोजी जगात जे घडले, ते शेतकऱ्याला चटकन समजेल असे आहे.

त्या शुक्रवारी आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. एकाएकी विमानतळ, बँका, दवाखाने येथील कॉम्प्युटरचे पडदे निळे पडले. चालू करावे तर पुन्हा बंद. आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. अनेकांना वाटले, शत्रूचा हल्ला झाला. तसे काही नव्हते. राखणदारच आडवा पडला होता.

क्राउडस्ट्राइक ही अमेरिकेतील कंपनी. कॉम्प्युटरमध्ये चोर शिरू नये म्हणून तिचा राखणदार प्रोग्रॅम बसवतात. तो फाटकावर नसतो, थेट माजघरात असतो. त्यामुळे तो पडला की घरच बंद पडते. नव्या चोरांची ओळख पटावी म्हणून त्याला वरचेवर खुणांचा कागद पाठवतात. त्या दिवशीच्या कागदात २१ वा रकाना ताडून पाहा, असे होते. राखणदाराच्या हाती माहिती २० रकान्यांचीच. नसलेला रकाना शोधायला तो गेला आणि विंडोज प्रणालीवरचे कॉम्प्युटर कोसळले. कागद तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येही खोट होती, म्हणून चूक आधी सापडली नाही.

कंपनीने ७८ मिनिटांत कागद मागे घेतला. पण तोवर सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले होते. जगातल्या विंडोज कॉम्प्युटरांत हे शेकडा एकही नाहीत. पण नेमके मोक्याच्या जागचे! बंद पडलेल्यांपैकी बहुतेक यंत्रांपाशी माणूस बसवून ती चुकीची फाइल हाताने काढावी लागली. अमेरिकेतील डेल्टा विमान कंपनीची पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झाली.

चूक कोणाकडूनही होते. खरा घात झाला तो कागद सगळीकडे एकाच वेळी गेल्याने. आपण नव्या जातीचे बेणे असे देतो का? आधी मूलभूत, मग पायाभूत, मग प्रमाणित बेणे. दरम्यान काणी, गवताळ वाढ दिसली तर तेवढाच प्लॉट मोडायचा. कंपनीनेही पुढे टप्प्याटप्प्याने कागद पाठवायचे ठरवले. शहाणपण आले, पण नुकसान झाल्यावर!

यातून आपण घ्यायचे ते एवढेच. लागणीच्या नोंदीची पावती जपून ठेवा. प्रत्येक खेपेची वजनपावती काट्यावरच मागून घ्या, वाचा, तारीखवार दोऱ्यात ओवा. बिल आले की टनेज त्या पावत्यांशी ताडून पाहा. फरक दिसला तर लगेच गट कार्यालयात या. कॉम्प्युटर दुरुस्त होईल, पण मधल्या काळात तुमच्या उसाचा पुरावा म्हणजे तुमच्या हातातली पावती.

आपला,
ऊस विकास अधिकारी