शैली आणि सराव : संकल्पचित्रकारांच्या निमित्ताने

चित्रपट पाहून बाहेर पडताना आपण नटनट्यांविषयी बोलतो, दिग्दर्शकाविषयी बोलतो, क्वचित संगीताविषयीही. पण ती कथा ज्या जगात घडली ते जग प्रथम कोणी पाहिले, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. जे अवकाशयान कोठेच नाही, जो प्राणी निसर्गाने निर्माण केला नाही, तो पडद्यावर येण्यापूर्वी कोणीतरी कागदावर काढलेला असतो. मग सुतार, शिंपी, शिल्पकार आणि आता संगणकावरचे तंत्रज्ञ त्या चित्राच्या आधारे पुढचे काम करतात. असे चित्र काढणाऱ्याला 'कन्सेप्ट आर्टिस्ट' म्हणतात. आपण त्याला संकल्पचित्रकार म्हणू. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसलेल्यांना 'संकल्पचित्र' हा शब्द नक्षीकामाचा म्हणून ठाऊक आहे. येथे त्याचा अर्थ निराळा आहे. हे चित्र म्हणजे पुढे घडणाऱ्या कलाकृतीचे बीज होय.

एकाच कामाकडे दोन चित्रकार किती भिन्न दृष्टींनी पाहतात, याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९७९ सालचा रिडली स्कॉट यांचा 'एलियन' हा चित्रपट. त्यातील माणसांचे जग मुख्यत्वे रॉन कॉब यांनी रेखाटले, तर परग्रहावरील जीव एच. आर. गिगर यांनी. कॉब यांचे यान एखाद्या कारखान्यासारखे आहे. प्रत्येक कळ, प्रत्येक दार कशासाठी आहे हे त्यांनी ठरवलेले असे. यानातील दारांवर लावायच्या सूचनाचिन्हांचा एक संपूर्ण संचही त्यांनी तयार केला. उलट, गिगर यांच्या चित्रांत हाडे आणि नळ्या, देह आणि यंत्र यांच्यातील सीमारेषाच पुसली जाते. एकाचे चित्र पाहून विश्वास बसतो, दुसऱ्याचे पाहून अंगावर काटा येतो. चित्रपटाला दोन्हींची गरज होती. मग यांतील श्रेष्ठ शैली कोणती, हा प्रश्नच निरर्थक ठरतो.

महत्त्वाचा प्रश्न दुसराच आहे. ही शैली येते कोठून? ती देवघरची देणगी आहे, असे समजण्याकडे आपला कल असतो. परंतु या मंडळींचे पूर्वायुष्य पाहिले तर निराळेच दिसते. कॉब यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. ऐन तारुण्यात ते डिस्नेच्या स्टुडिओत लागले. कार्टूनपटात दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रे काढण्याचे कष्टाचे काम त्यांच्याकडे होते. गिगर यांनी झुरिकला अंतर्गत वास्तुरचना आणि औद्योगिक आकृतिबंध यांचे शिक्षण घेतले होते. म्हणूनच त्यांची दुःस्वप्नेसुद्धा पक्क्या बांधणीची वाटतात.

तिसरे उदाहरण राल्फ मॅक्वारी यांचे. 'स्टार वॉर्स' हा चित्रपट १९७७ साली आला. पण त्याआधी, १९७५ मध्ये, जॉर्ज ल्यूकस यांनी त्यांच्याकडून काही प्रसंगांची चित्रे काढून घेतली होती, आणि निर्मिती संस्थेला पटवण्यात त्या चित्रांचा मोठा वाटा होता. मॅक्वारी पूर्वी बोइंग या विमान कंपनीत तांत्रिक चित्रे काढत. कथेतील खलनायक डार्थ व्हेडर एका यानातून दुसऱ्या यानात अवकाशातून जाणार, असे त्यांना सांगण्यात आले. तेव्हा त्यांनी विचार केला, की तेथे हवा नाही, मग हा श्वास कसा घेणार? त्यातून श्वसनाचा मुखवटा आला, आणि पुढे तीच त्या पात्राची जगभर ओळख झाली. यंत्रे रेखाटण्याची सवय नसती, तर हा प्रश्न त्यांना सुचला असता का?

माझ्या मते शैली म्हणजे वर्षानुवर्षांच्या सरावाचा हातात उरलेला साका होय. म्हणून दुसऱ्याची शैली उचलता येते, पण तिच्यामागची तयारी उचलता येत नाही. मोठ्यांच्या चित्रांची नक्कल अभ्यास म्हणून अवश्य करावी. पण नळ्या आणि हाडे गिरवून कोणी गिगर होत नाही.

अर्थात सराव म्हणजे तेच ते गिरवणे नव्हे. एक प्रयोग करून पाहा. रोज दिसणारी सायकल केवळ आठवणीने काढा. साखळी कोणत्या चाकाला जोडलेली असते? सांगाड्याच्या नळ्या कोठून कोठे जातात? बहुतेकांचा हात येथेच अडखळतो. मग सायकलीसमोर बसून तीच पुन्हा काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. ज्या ठिकाणी फरक दिसेल, तो तुमचा त्या दिवसाचा धडा. आठवड्याने पुन्हा आठवणीने काढा. शाळेतील स्मरणचित्र आणि वस्तुचित्र हे दोन विषय असे एकमेकांना जोडले, तर केवढे शिकवतात!

मी स्वतः गेले वर्षभर एस.टी.ची वाट पाहताना पाठकोऱ्या कागदांवर स्टँडवरची माणसे काढतो आहे. माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला, की त्या बाजूची कंबर वर उचलली जाते आणि खांदा बहुधा खाली झुकतो, हे मला कोणत्याही पुस्तकाआधी त्या स्टँडने शिकवले. त्यासाठी उंची रंग लागले नाहीत की महाग कागद.

हे सारे सांगण्याचे कारण केवळ चित्रकला नाही. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे पुष्कळजण घरातील पहिलेच पदवीचे विद्यार्थी आहेत. इंग्रजी असो, वक्तृत्व असो वा चित्रकला, 'ते रक्तातच असावे लागते' हे वाक्य आपण वारंवार ऐकतो, आणि हळूहळू ते खरे मानू लागतो. उपजत देणगी असतच नाही, असे मी म्हणणार नाही. पण ती कोणाला आहे हे सराव करून पाहिल्याशिवाय कोण सांगणार? ज्यांच्या घरी चित्रांची परंपरा नाही, त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. शेतातले अवजार, चुलीपुढची आई, बाजारातली गर्दी हे आपले विषय अजून कितीतरी हातांची वाट पाहत आहेत. पेन्सिल उचलावी, डोळे उघडे ठेवावेत आणि उद्याचे चित्र आजच्या चित्राशेजारी ठेवून पाहावे. शैलीची चिंता करू नये. ती मागाहून आपल्या पावलांनी येईल.