मॅचिंगला मारा गोळी!

गेल्या मे महिन्यात मालवणच्या घरी गेले ती लॅपटॉपमध्ये एक फोल्डर घेऊनच. पांढऱ्या भिंती, बुटका सोफा, काचेचा टीपॉय... एकदम कॅटलॉग! आम्ही चार चुलत भावंडांनी पैसे काढून गणपतीआधी ओटी आणि माजघर चकाचक करायचं ठरवलं होतं. 'जुनं सगळं काढा' यावर चौघांचं एकमत. जुनं फर्निचर घेणारा एक जण तर दारात येऊन एकगठ्ठा किंमतही सांगून गेला.

काकू एवढंच म्हणाली, ''खुर्ची जावंदे. पण दुपारचो तुझो बापूस खय पडतलो?''

मी गप्प. मग पहिल्यांदाच ती खोली नीट बघितली.

एका खोलीत चार काळ

लांब हातांची, वेताची आरामखुर्ची आजोबांनी गोव्याहून आणलेली, पोर्तुगीज वळणाची. पलंग फणसाच्या लाकडाचा, गावच्या सुतारानं केलेला. गोदरेजचं कपाट म्हणजे १९८० च्या दशकातला बाबांचा बोनस. शिवाय लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि दादाच्या लग्नात घेतलेला प्लायवूडचा 'मॅचिंग' सोफासेट. डिझायनर ज्याला 'मिक्स अँड मॅच' म्हणतात, ते आमच्याकडे कुणीही न ठरवता झालेलं! सिंधुदुर्गातल्या घराचा एक हात गोव्यात, दुसरा मुंबईत. चाकरमानी दर खेपेला काही ना काही आणणार, आणि आधीचं कुणी टाकणार नाही.

गंमत म्हणजे, सगळ्यात आधी बाद झाला तो सोफासेट. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खारी हवा. प्लाय फुगला, खिळे गंजले. आजोबांची खुर्ची मात्र फक्त वेत विणून मागत होती.

सावंतवाडीचा फंडा

मग आम्ही सावंतवाडी गाठली. तिथल्या राजवाड्यात कारागीर अजूनही गंजिफा रंगवतात. दशावतारी संचात गोल १२० पानं! विसाव्या शतकात विझत आलेली ही कला शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. पत्त्यांवरची तीच चित्रं आता लाकडी पेट्यांवर, फर्निचरवरही दिसतात. जुनी कला नवीन वस्तूवर बसते, मग जुनी खुर्ची नव्या खोलीत का नाही? एक रंगीत लाखकामाचं स्टूल घेऊनच परतलो.

आता ओटीवर खुर्ची, शेजारी ते स्टूल, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर हातमागाच्या गाद्या. कपाट घासून गडद हिरवं रंगवलं. गादीतही तोच हिरवा, बस्स!

करून बघा

• रंग किंवा कापड, एक धागा सगळीकडे फिरवा. बाकी बिनधास्त वेगळं असू द्या.
• एका खोलीत एकच वस्तू 'हिरो'. भोवती मोकळी जागा सोडा.
• जुनं लाकूड घेताना खाली बघा. पिठासारखा भुसा दिसला तर कीड लागलीय.
• कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, पायांखाली रबराची बुचं.
• विकण्याआधी घरात विचारा, यावर कोण बसतं?

माझ्या शहरातल्या बीनबॅगला पावसाळ्यात बुरशी आली. फोल्डर मी डिलीट केलं. आणि बाबा? दुपारी दोनला फोन करू नका. खुर्चीत पडलेले असतात.